छत्तीस सालचं पिस्तूल

दिलावर मिस्त्रीने साहेबाच्या पिस्तुलाचे अस्सल भाग चोरले आणि म्हणून कंपनीने त्याला हाकललं, असं सांगणारे लोक दोह्यात अजून आहेत. परवा चहाच्या दुकानात एकाने ते माझ्यासमोर सांगितलं. हा माणूस सहा महिन्यांपूर्वी बोटीतून उतरलेला, दिलावरचं तोंडही त्याने कधी पाहिलेलं नाही! मी कप आपटला आणि म्हटलं, जीभ आवर, नाहीतर दात हातात देईन. लोक एकमेकांकडे बघायला लागले. अबूबकर चाचांचं डोकं फिरलंय म्हणे. फिरलेलंच आहे. सात वर्षं झाली, अडुसष्ट साल आलं, ते ठिकाणावर यायला तयार नाही.

मी बागमांडल्याचा, दिलावर परकार बाणकोटचा. मधे एक खाडी. अलीकडे आमचा कुलाबा जिल्हा, पलीकडे त्याचा रत्नागिरी. मी चोपन्न सालच्या आधीपासून इथे कंपनीच्या स्टोअर्स खात्यात क्लार्क. तो चोपन्न साली फिटर म्हणून आला आणि मुशैरिब मोहल्ल्यातल्या आमच्या खोलीत राहायला लागला. आम्ही आठजण होतो त्या खोलीत. पहिल्याच दिवशी मी त्याला म्हटलं, खाडीपलीकडची माणसं हट्टी असतात असं ऐकलंय. तो म्हणाला, खाडीअलीकडची बडबडी असतात हे मी आता बघतोय. तेव्हापासून दोस्ती.

कंपनीत तो पंप आणि जनरेटर दुरुस्त करायचा, पण त्याची खरी विद्या वेगळी होती. लढाईच्या काळात तो खडकीच्या आर्सेनलमध्ये बंदूक मिस्त्री होता. आफ्रिकेच्या रणातून पकडून आणलेली हत्यारं तिकडे पेट्या भरभरून यायची. जर्मन, इटालियन, सगळी. दिलावरचं काम ती खोलायची, साफ करायची आणि कुठल्या कारखान्यातलं, कुठल्या सालचं, किती भाग मूळचे आणि किती बदललेले, ते लिहून द्यायचं. चार वर्षं त्याने हेच केलं. जर्मन लोक लढाईत कारखान्याचं नाव हत्यारावर घालत नसत, नुसती खुणेची अक्षरं ठोकत. कुठलं अक्षर कुठल्या सालाबरोबर येतं, ते त्याने वहीत टिपून ठेवलं होतं. कुणी शिकवलं नव्हतं. हजारो पिस्तुलं हाताखालून गेली, त्यावरून त्याने स्वतः जुळवलं होतं.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की तो खोलीत चटईवर पांढरं फडकं पसरायचा. वाळवंटातले बदू लोक बंदुका घेऊन यायचे. तो एकेक स्क्रू काढून बशीत ओळीने मांडायचा आणि त्या बशीला कुणाचा धक्का लागला की अंगावर यायचा. "सालावर काय बघताय, साल शेवटी बघायचं," म्हणायचा. आधी तो रंग बघायचा, मग स्क्रूची खाच, मग नंबर. प्रत्येक पिस्तुलाला एक नंबर असतो आणि त्याचे शेवटचे दोन आकडे बारीकसारीक भागांवरही ठोकलेले असतात. सगळीकडे तेच दोन आकडे असले तर पिस्तूल कारखान्यातून आलं तसंच आहे. एकावर जरी वेगळे असले तर तो भाग दुसऱ्याचा.

हे सगळं मला माहीत, कारण शुक्रवारी आमच्या खोलीत आणखी एकजण यायचा, हॅलम साहेब. स्टोअर्स खात्याचा मुख्य, म्हणजे माझाही साहेब आणि त्या वेळी दिलावरचाही. त्याला लढाईतली पिस्तुलं जमवायचा नाद होता. बसऱ्याहून, कराचीहून, एडनहून लष्करी मोडीतली पिस्तुलं मागवायचा आणि टोपलीतून अंडी आणावीत तशी सांभाळून दिलावरकडे आणायचा. हिंदुस्तानी त्याला येत नव्हती, दिलावर इंग्रजी बोलत नसे, म्हणून मधे मी. दिलावर सांगायचा, मी इंग्रजीत सांगायचो, साहेब वहीत लिहायचा. पुढे त्याच वहीतलं वाचून तो क्लबात फुशारक्या मारायचा. सगळ्या गल्फमध्ये पिस्तुलांचा मोठा जाणकार म्हणून त्याचं नाव! अरे, जाणकार कसला? फुकटचा शहाणा. दिलावरने सांगितलेलं स्वतःच्या नावाने खपवायचा आणि वर त्याला कधी खुर्चीसुद्धा दिली नाही.

एकसष्ट सालच्या जानेवारीत साहेबाने एक जर्मन लुगर आणलं. बारीक नळीचं, वरच्या अंगाला कोपरासारखा दुमडणारा सांधा असतो, ते. बसऱ्याच्या व्यापाऱ्याने सांगितलं होतं म्हणे की हे एका जर्मन जनरलच्या कमरेचं, छत्तीस सालचं, जसंच्या तसं. बहरीनमध्ये एक म्हातारा आरमारी कप्तान होता, त्यालाही हाच नाद. त्याच्याकडे शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजी पिस्तुलांची एक जोडी होती आणि साहेबाचा तिच्यावर डोळा होता. लुगर अस्सल निघालं तर कप्तान ती जोडी बदल्यात द्यायला तयार होता.

दिलावरने पिस्तूल उन्हात धरलं, उलटंसुलटं केलं आणि खोलायला घेतलं. दहा मिनिटांत सगळे भाग बशीत होते. मग तो मला म्हणाला, "सांग त्यांना. सांगाडा छत्तीसचा आहे, साल खरं आहे. हा चाप बघ, पिवळसर आहे. त्या वेळी बारीक भागांना असा गवती रंग द्यायचे. पण ही बाजूची कळ काळी आहे. ती नंतरची. आणि हा वरचा सांधा. ह्याच्यावर बी-वाय-एफ अक्षरं आहेत. छत्तीसमध्ये ह्या कारखान्याची खूण एस-बेचाळीस होती. बी-वाय-एफ मी एक्केचाळीसच्या आधी एकाही पिस्तुलावर बघितलेलं नाही. सांगाड्याच्या नंबराला शेवटी सतरा, सांध्यावर त्रेसष्ट, कळीवर चाळीस. तीन पिस्तुलं मोडून हे एक केलंय."

मी सांगितलं. साहेबाचं तोंड उतरलं. त्याने पिस्तूल उचललं आणि थँक्यूसुद्धा न म्हणता चालता झाला.

आता दिलावरच्या घरची गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्याची बायको सलमा आणि मुलगी हजरा बाणकोटला. सात वर्षांत तो दोनदा घरी गेला होता. दुसऱ्यांदा गेला तेव्हा हजरा सात वर्षांची होती. आठ दिवस झाल्यावर तिने आईला विचारलं, "हे पाहुणे कधी जाणार?" परत आल्यावर त्याने हे मला एकट्यालाच सांगितलं आणि सांगून झाल्यावर बराच वेळ तो पायाचं नख कुरतडत बसला होता.

त्याच हिवाळ्यात त्याचं नशीब उघडायला आलं होतं. सरकारी शस्त्रागाराला बंदूक मिस्त्री हवा होता. तिथल्या एका अधिकाऱ्याची रायफल दिलावरने दुरुस्त केली होती, ती त्याला इतकी पसंत पडली की हाच माणूस हवा म्हणाला. दोन खोल्यांचं घर, आणि बायको-मुलीला आणायची परवानगी! आमच्यात अशी परवानगी कुणाला मिळाली होती? अडत होतं ते एका कागदावर. कंपनीने रिलीज लेटर दिल्याशिवाय तो दुसरीकडे जाऊ शकत नव्हता, आणि त्या लेटरवर सही करायची होती हॅलम साहेबाने.

पुढच्या शुक्रवारी साहेब आला. एका हातात पिस्तूल, दुसऱ्या हातात टाईप केलेलं रिलीज लेटर. दोन्ही त्याने फडक्यावर ठेवलं. लेटरवर सही नव्हती. मला म्हणाला, ह्याला सांग, सांध्यावरचे आणि कळीवरचे आकडे घासून तिथे सतरा ठोक. ती अक्षरं घासून एस-बेचाळीस कर. कळीला पिवळा रंग दे. कप्तानने पिस्तूल घेतलं की मी सही करतो.

हे शब्द मी माझ्या तोंडाने दिलावरला मराठीत सांगितले. एकही गाळला नाही. खोलीत आम्ही तिघंच होतो.

दिलावर म्हणाला, "मी नंबर घासत नाही. खडकीत नियम होता. भाग बदलला तर जुन्या नंबरावर आडवी रेघ मारायची, शेजारी नवा ठोकायचा, म्हणजे पुढे ज्याच्या हातात जाईल त्याला कळतं. घासला तर त्याला फसवलं. ते काम मिस्त्रीचं नाही." मी सांगितलं. साहेबाने लेटरची घडी घातली, खिशात ठेवली, पिस्तूल उचललं आणि गेला.

गोष्ट माझ्याच तोंडून बाहेर फुटली, आणि त्यानंतर तीन आठवडे सगळ्यांनी मिळून दिलावरला भाजून काढलं. सगळ्यांत पुढे जहूरशेठ. सूकमध्ये, म्हणजे इथल्या बाजारात, कापडाचं दुकान, आमच्या जमातीचा पुढारी, प्रत्येक गोष्टीत नाक. म्हणाला, "अरे दिलावर, हातोडीचे चार घाव घालायचे, त्यात काय एवढं? एक गोरा दुसऱ्या गोऱ्याला टोपी घालतोय, तुझ्या बापाचं काय जातं?" बाकीचे माना डोलवत होते. उद्या साहेब चिडला तर आपल्या भावा-पुतण्यांचे व्हिसा अडतील, ही सगळ्यांची खरी धास्ती.

आणि मी? मी काय वेगळा होतो? तीन आठवडे मी त्याच्या मागे लागलो. समजावून पाहिलं, थट्टा केली. तो ढिम्म. शेवटी एका संध्याकाळी समुद्रावर फिरताना माझा पारा चढला आणि मी बोलून गेलो, "ठीक आहे, राहा इथेच. ठेव तुझा नियम उराशी धरून. हजराला पाहुणाच राहशील तू, मरेपर्यंत."

तो थांबला. मला वाटलं आता कानाखाली देतो. द्यायला हवी होती. तो म्हणाला, "सांग साहेबाला, पिस्तूल शुक्रवारी पाठव म्हणावं."

ते काम मी पाहिलं आहे. दुपारी नमाजेनंतर बसला तो. कानशीने त्रेसष्ट घासला, मग बारीक दगडाने पुसून काढला. सतराचा ठसा पहिल्या घावाला तिरका बसला. पुन्हा घासला, पुन्हा ठोकला. कळ तव्यावर तापवून पिवळी केली. अस्रची, तिसऱ्या प्रहरची नमाज झाली तोपर्यंत पिस्तूल असं दिसायला लागलं की खुद्द कारखान्यातल्या माणसाने शपथ घेतली असती. घाम पुसत त्याने शेवटी मुठीचे दोन स्क्रू काढले, लाकडी पट्ट्या बाजूला केल्या आणि बारीक टोकाच्या पोलादी कलमाने आतल्या लोखंडावर काहीतरी कोरायला लागला.

"हे काय आता?" मी विचारलं.

"नोंद. आमचे उस्ताद प्रत्येक कामाची नोंद मुठीखाली करायला लावायचे. काय बदललं, कधी, कुणी."

मी वाकून बघितलं. इंग्रजी अक्षरांत बारीक लिहिलं होतं: सांधा एक्केचाळीसचा, कळ दुसरी, नंबर नवे, दोहा १९६१, डी.पी.

"वेडा झालास काय? साहेबाने बघितलं तर?"

"आठ वर्षं पिस्तुलं जमवतोय तो. एकदा तरी मूठ उघडून बघितली आहे का?"

आणि मी हसलो. हो, हसलो! आम्ही दोघं हसलो. काय पण आमची हुशारी! त्या आंधळ्याला बरोबर टोपी घातली म्हणून मला उकळ्या फुटत होत्या. दिलावरचं समाधान झालं, साहेबाचं काम झालं, सलमाभाबी दोन महिन्यांत बोटीवर चढणार. आमच्या डोक्यात एकच शिरलं नाही. आम्ही गोऱ्या साहेबांकडे बघून बघून असे झालो होतो की सगळे साहेब आम्हाला एकच वाटायचे. हा मूठ उघडत नाही म्हणजे कुठलाच साहेब उघडत नसणार. तिकडे बहरीनमध्ये एक माणूस खरोखर जाणकार असू शकतो, हे ना मला सुचलं, ना त्याला.

कप्तानने पिस्तूल हातात घेतल्यावर पहिलं काय केलं असेल? स्क्रूड्रायव्हर मागवला.

दोन आठवड्यांनी पिस्तूल परत आलं, मुठीच्या पट्ट्या काढलेल्या आणि सोबत पत्र. पत्र हॅलमला नाही, कंपनीच्या मोठ्या साहेबाला. तुमचा अधिकारी खोटं पिस्तूल अस्सल म्हणून देतो, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. ऑफिसभर बोभाटा झाला. हॅलम दोन दिवस खोलीबाहेर आला नाही, आणि तिसऱ्या दिवशी आला तो कहाणी तयार करूनच. म्हणे, पिस्तूल अस्सलच होतं. मी ते मिस्त्रीकडे साफ करायला दिलं. त्याने मूळचे भाग काढून घेतले, दुसऱ्या पिस्तुलाचे बसवले, त्यावर खोटे नंबर ठोकले. पुरावा? ही बघा, त्याचीच सही आहे मुठीखाली!

म्हणजे माणसाने प्रामाणिकपणे लिहिलेलं तेच त्याच्या गळ्यात बांधलं. असल्या माणसाला काय म्हणावं? मला ज्या शिव्या येतात त्या कागदावर लिहिता येत नाहीत.

चौकशी मंगळवारी सकाळी दहाला होती. मोठा साहेब टेबलामागे, बाजूला हॅलम, समोर दिलावर उभा, आणि त्याच्या शेजारी मी, दुभाषा म्हणून. पंखा फिरत होता तरी माझा शर्ट पाठीला चिकटला होता. मोठा साहेब वाईट नव्हता. घाईत होता, पण वाईट नव्हता. त्याने विचारलं, "हे नंबर तू ठोकलेस?"

दिलावर म्हणाला, "हो, मी ठोकले." मी सांगितलं.

"कुणाच्या सांगण्यावरून?"

दिलावरने हॅलमकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ मोठ्या साहेबाकडे बघत मराठीत म्हणाला, "आमच्या साहेबांनी सांगितलं. सुटकेचा कागद समोर ठेवून सांगितलं. हा अबूबकर तिथे होता, त्यानेच मला समजावून दिलं. ह्याला विचारा."

खोलीतले तिघेही माझ्याकडे बघायला लागले. हॅलमच्या हातात पेन होतं. तो ते बोटांत फिरवत होता, आणि डोळे माझ्यावर. बोलायची गरजच नव्हती. दर वर्षी माझ्या व्हिसाच्या कागदावर त्याच पेनाने सही व्हायची. माझी जाहिदा तिसऱ्यांदा पोटुशी होती. धाकट्या भावाचे कागद त्याच्याच टेबलावर पडून होते.

मी इंग्रजीत म्हणालो, "तो म्हणतो, काम त्याचंच आहे. त्याला आणखी काही सांगायचं नाही."

मोठ्या साहेबाने मान हलवली आणि लिहिलं. हॅलमने पेन खिशाला लावलं. दिलावरने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग समोर भिंतीकडे. मला वाटलं, बरं झालं, त्याला इंग्रजी कळत नाही.

तीन दिवसांत देश सोडायचा हुकूम झाला. पोलिसात तक्रार नाही, कंपनीची मेहरबानी म्हणे! शस्त्रागारातली नोकरी गेलीच. त्या रात्री खोलीत जेवायला बसलो तर कुणी त्याच्या ताटाकडे बघेना. जहूरशेठ दुसऱ्या दिवशी आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "जमातीचं नाव घालवलंस." तीन आठवडे "चार घाव घाल" म्हणून मागे लागलेला तोच हा माणूस! एकाचीही जीभ उचलली नाही. आणि माझी तर आदल्याच दिवशी गेली होती.

धक्क्यावर त्याला सोडायला मी एकटाच गेलो. बाकीच्यांना त्या दिवशी नेमकी कामं निघाली. बोट लांब उभी होती, तिथपर्यंत लाँच न्यायची. लोक पेट्या चढवत होते, नाखवा यल्ला यल्ला, चला चला, करत ओरडत होता. दिलावरची एकच ट्रंक. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलत होतो. पत्र टाक, सलमाभाबींना सलाम सांग, सगळं ठीक होईल इन्शाल्ला. तो ऐकत होता. मग म्हणाला, "अबू, साहेबाचं नाव तू घेतलं नाहीस."

मी लाँचकडे बघायला लागलो.

"तेवढं इंग्रजी मला येतं. चार वर्षं खडकीत गोऱ्या सार्जंटच्या हाताखाली होतो. बोलता येत नाही, पण ऐकलेलं कळतं."

"मग बोललास का नाही?" मी ओरडलोच. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. "त्याचं नाव तरी घ्यायचं होतंस! हॅलम, एवढा एक शब्द! नावाला कसलं इंग्रजी लागतं?"

"तुला खोटा पाडावं लागलं असतं," तो म्हणाला. "त्या दोघांच्या समोर. मग आपण दोघंही ह्याच लाँचमध्ये असतो. तुझी तर अजून दोन लहान आहेत."

एवढं बोलून त्याने ट्रंक उचलली. मी हात पुढे केला तर "राहू दे, जड नाही" म्हणाला आणि फळीवरून चढून गेला. चिडला असता, थुंकला असता, तर मी आज शांत झोपलो असतो. पण नाही! खाडीपलीकडचा हट्टी माणूस. जाताना माझी काळजी करून गेला.

हॅलम पासष्टपर्यंत इथेच होता. निवृत्त झाला तेव्हा निरोपाच्या पार्टीत जहूरशेठने त्याच्या गळ्यात हार घातला आणि आमच्या लोकांवर त्याचे किती उपकार आहेत ते सांगितलं. भाषणाचं इंग्रजी कुणी करून दिलं असेल? मीच. माझ्या भावाचा व्हिसा झाला होता ना.

दिलावर बाणकोटला लाँचची इंजिनं आणि कुलपं दुरुस्त करत राहिला. इथून सुट्टीवर जाणारे आमचे लोक तिकडे जाऊन काय सांगायचे? दोह्यात चोरी केली म्हणून हाकलला. तो उत्तर देत नसे. सलमाभाबीलाही त्याने ह्या प्रकरणात कधी माझं नाव सांगितलं नाही, हे मला आता कळलंय. गेल्या वर्षी तो गेला. तापाचं निमित्त झालं. त्याच्या मयतीला खाडी ओलांडून आमच्या गावचे दोघं गेले होते, पण मी त्याच महिन्यात सुट्टीवर असून गेलो नाही.

त्या चहाच्या दुकानातल्या भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी, हजराचं पत्र आलं. पंधरा वर्षांची झाली ती. तिच्यासाठी एक स्थळ आलं होतं, बोलणी झाली होती. मुलाचा मामा इथे नोकरीला असतो. त्याने कळवलं की मुलीचा बाप चोर होता, आणि स्थळ मोडलं. मोडलं त्याचं मला काही नाही, असं ती लिहिते. अक्षर चांगलं आहे पोरीचं. खाली लिहिलंय, "चाचा, तुम्ही अब्बांच्या खोलीत राहायचात, तुम्हाला सगळं माहीत असणार. माझे अब्बा चोर होते का? एवढंच लिहून पाठवा. अम्मी म्हणते, तुम्ही खोटं सांगणार नाही."

मी लगेच उत्तर लिहायला बसलो. तुझा बाप चोर नव्हता, लाखात एक माणूस होता, असं लिहिलं. हॅलमला शिव्या घातल्या, जहूरशेठला घातल्या, ह्या सगळ्या जमातीला घातल्या. पाच पानं झाली. वाचून बघितलं तर त्यात चौकशीच्या खोलीत मी होतो हेच कुठे नव्हतं. फाडून टाकलं. दुसरं लिहिलं. त्यात मी होतो, पण गप्प उभा. तेही फाडलं. तिसऱ्यात लिहिलं की भाषांतरात काही गोंधळ झाला.

आज चौथं लिहितो आहे. शिव्या काढून टाकल्या आहेत. वरती नाव आणि सलाम लिहिला आहे आणि खाली एवढंच: बेटी, हे काम साहेबाने सांगितलं, असं तुझ्या अब्बांनी चौकशीत म्हटलं होतं. अबूबकरला विचारा, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले होते. मी सांगितलं नाही.